आय-लीग 2016-17 : आयझॉल पहिलं, मुंबई शेवटची

कूपरेज_पूर्वबाजू

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, तेव्हा घरी भाच्याने विचारलं, "मामा, हा कोण?" मी सांगायला बसलो आणि तासभर उठलोच नाही. त्याला सांगितलेलं इथे लिहून ठेवतोय. आय-लीग म्हणजे तेव्हाची देशाची मोठी फुटबॉल लीग, आणि तिचा 2016-17 चा हा हंगाम बऱ्याच जणांच्या लक्षात फक्त "आयझॉल जिंकलं" एवढाच राहिलाय. आपल्यासाठी त्याला दुसरी बाजूही आहे आणि ती मला आजही बोचते.

7 जानेवारी ते 30 एप्रिल 2017. दहा संघ, प्रत्येकाचे 18 सामने. शेवटचा तक्ता बघा. सर्वांत वर आयझॉल एफसी, मिझोरमच्या राजधानीचा संघ, 37 गुण. त्याखाली मोहन बागान 36, ईस्ट बंगाल 33, बंगळुरू 30. आणि तळाला, दहाव्या जागेवर, मुंबई एफसी.

आता वरच्या संघात कोण होतं ते बघा. प्रशिक्षक खालिद जमील. हा खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी असा मुंबईतच वाढला, आणि 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. त्या सात वर्षांत पैसे कमी, मोठी नावं नाहीत, काही हंगाम तर घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले, कारण मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं. तरी संघ एकदाही खालच्या लीगमध्ये घसरला नाही. 2016 मध्ये त्याला निरोप देण्यात आला. तो आयझॉलला गेला आणि मुंबई एफसीचे दोन खेळाडूही तिकडे दिसले : जयेश राणे आणि आशुतोष मेहता. पाठीमागे गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स.

म्हणजे जे आपल्याला नको झाले होते ते डोंगरात जाऊन देशाचे विजेते झाले, आणि ज्या संघातून ते गेले तो त्याच वर्षी खाली गेला. त्यानंतर तो संघ पुन्हा उभा राहिलाच नाही.

मी त्या हंगामात कूपरेजवर बसायचो. पिवळ्या जर्सीतली पंचवीस-तीस पोरं ढोल घेऊन यायची, शेवटच्या मिनिटापर्यंत ओरडायची. बाकी स्टँड रिकामा. एप्रिलमध्ये घामाघूम होऊन बाहेर पडताना आम्ही मोबाइलवर आयझॉलचा निकाल बघायचो. तो जिंकला की आनंद व्हायचा आणि लगेच स्वतःच्या संघाचं आठवून पोटात कालवायचं. दोन्ही एकाच वेळी होणं फार विचित्र असतं.

ज्यांनी तो हंगाम पाहिलाय त्यांनी लिहा. विशेषतः गोवेकरांनी.

---

मांडवीकाठ

बोलावलंत म्हणून आलो. गोव्याचं नाव त्या हंगामाच्या सुरुवातीलाच घ्यावं लागतं, कारण आयझॉल त्या लीगमध्ये होतं ते आमच्या माघारीमुळे.

2015-16 मध्ये आयझॉल नऊ संघांत आठवं आलं आणि खाली गेलं होतं. मग 2016 च्या उन्हाळ्यात भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला, त्यात आयएसएल (इंडियन सुपर लीग) सगळ्यांत वर आणि आय-लीग तिच्या खाली. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या आमच्या क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपोही बाहेर पडला. जागा रिकाम्या झाल्या, आणि आयझॉलला परत घेतलं गेलं. चर्चिल ब्रदर्सही अगदी तोंडावर आत आले, त्यांचे सामने वास्कोला टिळक मैदानावर झाले. चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब हे दोन नवे.

आता हे ऐका. 2004-05 ला धेंपो, 2005-06 ला मुंबईचा महिंद्र युनायटेड, 2006-07 आणि 2007-08 ला पुन्हा धेंपो, मग चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, आणि 2012-13 ला चर्चिल. सलग नऊ हंगाम देशाचं विजेतेपद मुंबई ते मडगाव एवढ्या किनारपट्टीतून हललं नाही. नऊ! कोलकात्याला नऊ वर्षं तोंडात बोट घालून बसावं लागलं. आणि 2012-13 नंतर चार वर्षांत आमच्याकडे शीर्ष लीगमध्ये एकटा चर्चिल उरला.

माझे वडील पणजीहून बसने मडगावच्या फातोर्डा मैदानावर सामने बघायला जायचे, मला खांद्यावर घेऊन. साळगावकर-धेंपो असलं की मासळी बाजारात सकाळपासून त्यावरच बोलणं. 2017 मध्ये त्यांनी आयझॉलचे सामने घरी टीव्हीवर पाहिले. फार बोलायचे नाहीत. अल्बिनोने बॉल धरला की फक्त "आमचो" म्हणायचे.

आयझॉलला नशिबाने संधी मिळाली असं पुष्कळ लोक म्हणतात. संधी मिळाली हे खरं. पण ती आमच्या घरचा दिवा विझल्यावर मिळाली, हेही कुणीतरी लिहायला हवं.

---

नवखा_प्रेक्षक

एक प्रश्न. खाली घसरलेला संघ पुढच्याच वर्षी थेट विजेता? मग तो मुळात इतका वाईट नव्हताच ना?

---

कूपरेज_पूर्वबाजू

बरोबर पकडलंत. घसरला त्याच मोसमात, मे 2016 मध्ये, आयझॉल फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात पोचला होता. गुवाहाटीला मोहन बागानने 5-0 धुतलं, तो भाग वेगळा. पण लीगमध्ये आठवा आणि कपमध्ये अंतिम फेरीत, म्हणजे पोरांत दम होता. कमी होती ती पाठीमागच्या बांधणीची, आणि खालिदचं आयुष्यच ती बांधणी करण्यात गेलंय.

मांडवीकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो थोडा वेळ. नऊ हंगामांचा हिशोब मी कधी असा सलग मांडून पाहिला नव्हता.

---

सहा_नंबर

खेळाबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो.

18 सामन्यांत आयझॉलचे गोल 24. विजेत्या संघासाठी हा आकडा साधाच. पण खाल्ले फक्त 15. जिंकले 11, बरोबरी 4, हरले 3. खालिदचा मुंबई एफसी ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आधी आपलं घर बंद करायचं, मग एका गोलसाठी जीव टाकायचा. फरक इतकाच की मुंबईत त्याच्याकडे तो एक गोल करून देणारा माणूस बहुतेक वेळा नसायचा.

आयझॉलमध्ये होता. महमूद अल अमना, सीरियाचा. बॉल त्याच्या पायात आला की आजूबाजूचा गोंधळ थांबल्यासारखा वाटायचा. दोन टच, मान वर, आणि पास अशा जागी जिथे आपल्याला टीव्हीवरही मोकळा माणूस दिसलेला नसायचा. त्याच्या मागे लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान, मिडफिल्डमध्ये झाडू मारणारा. पुढे कामो बायी. या परदेशी कण्याभोवती मिझो पोरं धावत होती, आणि धावणं म्हणजे नुसतं धावणं नव्हे. ब्रँडन, लालरुआतथारा, लालदानमाविया ही पोरं समोरच्या बॅकला श्वास घेऊ द्यायची नाहीत. लालरुआतथारा पुढे केरळ ब्लास्टर्सकडे गेला.

जयेश राणेबद्दल दोन ओळी जास्त. मुंबईत तो चांगला खेळायचा, पण बॉल मिळाला की घाई करायचा. आयझॉलमध्ये अल अमनाच्या शेजारी तो थांबायला शिकला. माझ्या मते त्या हंगामात सर्वांत जास्त वाढलेला खेळाडू तोच.

आणि हो, हंगामातला पहिला सामना कोलकात्यात ईस्ट बंगालशी, 1-1. तेव्हा मला वाटलं, वा, एक गुण चोरून आणला. चार महिन्यांनी त्याच एकेका गुणाने बाजी मारली.

---

थेनझॉल_रस्ता

मी 2015 ते 2018 नोकरीनिमित्त आयझॉलला होतो. मूळचा साताऱ्याचा. क्रिकेटशिवाय काही कळत नव्हतं. तिथे गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात घरमालकांनी विचारलं, "तू कुठल्या पोझिशनला खेळतोस?" खेळतोस का, असं नाही विचारलं.

आम्ही त्यांना 'का पू' म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे 'काका' किंवा 'साहेब' म्हणतो तसं आदराने. त्यांच्या घरात टीव्ही चालू असायचा तो मिझोरम प्रीमियर लीगचे सामने बघायला. 2012 पासून त्यांची स्वतःची लीग आहे आणि स्थानिक केबलवर लोक ती मालिका बघावी तशी बघतात. 2014 ला मिझोरमने संतोष ट्रॉफी जिंकली, त्याच्या गोष्टी मला इतक्या वेळा ऐकवल्या की मीच अंतिम सामन्याला होतो असं वाटायला लागलं. तेव्हा आयझॉल कुठूनतरी उगवलं असं समजू नका. ते शहर तोवर कित्येक वर्षं सराव करत होतं.

22 एप्रिल 2017, शनिवार. मोहन बागान आयझॉलमध्ये. दोघांचे 33-33 गुण, आणि त्यानंतर प्रत्येकी एकच सामना उरलेला. राजीव गांधी स्टेडियम शहराच्या टोकाला डोंगर कापून केलेलं आहे. रस्ता अरुंद, गाड्यांची रांग हलेना, म्हणून आम्ही शेवटचे दीड-दोन किलोमीटर चालत गेलो. आयझॉलमध्ये हॉर्न वाजवत नाहीत हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. त्या दिवशीही त्या रांगेत कुणी हॉर्न वाजवला नाही. हजारो माणसं, सगळी एकाच दिशेने, आणि नुसता पावलांचा आणि बोलण्याचा आवाज. मी तसं दृश्य पुन्हा पाहिलेलं नाही.

सामना 0-0 चालला होता. बागानला बरोबरी चालली असती, आम्हाला ती नको होती. का पू माझ्या शेजारी हात जोडून बसले होते. 83 व्या मिनिटाला कॉर्नर. बॉल हवेत आला आणि झोहमिंगलिआना राल्टे, बचाव फळीतला खेळाडू, उंच उडाला आणि डोक्याने आत. मला बॉल जाळ्यात गेलेला दिसलाच नाही, कारण समोरचे सगळे उभे राहिले. मला कळलं ते का पूंनी माझा दंड इतका घट्ट धरला त्यावरून. दोन दिवस वळ होता.

पुढचा सामना 30 एप्रिलला शिलाँगमध्ये, लाजाँगशी. एक गुण पुरेसा. पण तो दिवस रविवार. मिझोरममध्ये रविवार म्हणजे चर्च, दुकानं बंद, रस्ते रिकामे. हजारो लोक आधीच सुमो करून शिलाँगला गेले होते. मला रजा मिळाली नाही. आम्ही घरीच, चर्चहून परतून, टीव्हीसमोर. नवव्या मिनिटाला दिपांदाने लाजाँगचा गोल केला. घरात कुणी बोलेना. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता आणि कुणीतरी सारखं फोनवर तो स्कोअर बघत होतं. का पूंनी शेवटी तो फोन काढून घेतला. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. त्यानंतरची तेवीस मिनिटं मी किती चहा प्यायलो ते सांगता येणार नाही.

बागान जिंकला. आम्ही बरोबरीत सुटलो. 37 आणि 36. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय लीग विजेता.

संघ परत आला तेव्हा लेंगपुई विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. म्हाताऱ्या बायका पारंपरिक पुआन नेसून. मी ऑफिसातून निघून गेलो, कुणाला विचारलं नाही, आणि कुणी रागावलंही नाही.

---

नवखा_प्रेक्षक

थेनझॉल_रस्ता, फार सुंदर लिहिलंत. वाचताना मीच त्या रांगेत चालत होतो.

---

बालेवाडी_स्टँड_सी

पुण्याचं कुणीच बोललं नाही. त्या हंगामात महाराष्ट्राचा आणखी एक संघ होता, डीएसके शिवाजीयन्स, बालेवाडीला. तो खाली घसरला नाही, पण त्या हंगामानंतर वरिष्ठ संघ बंद झाला. म्हणजे पुढच्या हंगामाच्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचं नाव उरलं नाही.

त्याआधी पुणे एफसी. 2012-13 मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली चर्चिलच्या मागे दुसरा आला होता. 2015 मध्ये तोही मिटला. महिंद्र युनायटेड तर 2010 मध्येच. तेही डेरिक परेरांच्याच हाताखाली 2005-06 चे विजेते, आय-लीग आणि तिच्या आधीच्या राष्ट्रीय लीगमधलं महाराष्ट्राचं एकमेव विजेतेपद.

मी या तिन्ही संघांचे सामने पाहिलेत. माझ्या कपाटात दोन मफलर आहेत, दोन्ही अशा क्लबांचे जे आता नाहीत. मुलगी विचारते की बाबा, हे कुठले रंग, आणि मला कुठलं मैदान दाखवावं कळत नाही.

---

तालमीचा_पोर

कोल्हापुरातून. वर कुणी कुणी "महाराष्ट्रात प्रेक्षक नाही" अशा सुरात लिहिलंय, ते मला मान्य नाही.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा असला सामना लागू दे. दुपारी दोनपासून गॅलरी भरते. पेठेतला प्रत्येक जण आपापल्या तालमीचा, कारण इथे तालमींचेच फुटबॉल संघ असतात. खेळाडू कोण, त्याचा बाप कुठल्या जागेवर खेळायचा, हे सगळं पाठ. थेनझॉल_रस्ता यांनी का पूंचं लिहिलंय ना, तसे का पू आमच्या मंगळवार पेठेत घरटी एक मिळतील. अनिकेत जाधव याच जिल्ह्यातून निघाला आणि त्याच 2017 च्या ऑक्टोबरमध्ये भारताकडून सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला.

प्रेक्षक आहे. तो मुंबई-पुण्याच्या त्या क्लबांपर्यंत कुणी नेला नाही. राष्ट्रीय लीगमध्ये कोल्हापूरचा संघ कधीच नव्हता. आयझॉल एफसी 1984 चा क्लब, आमच्या तालमी त्याहून कितीतरी जुन्या. मग आयझॉलला जमलं आणि आम्हाला का नाही? यावर इथल्या जाणत्यांनी बोलावं. मला खरंच उत्तर हवंय.

---

तिसरी_घंटा

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

आयझॉलच्या विजयाने मीही रडलोय. पण त्याला "गावाने उभा केलेला संघ" म्हणून थांबू नये. क्लबमागे रॉबर्ट रोमाविया रॉयते यांच्यासारखा पैसे घालणारा मालक होता, जे पुढे राज्याचे क्रीडामंत्री झाले. त्या वेळच्या बातम्यांत क्लबचं बजेट दोन कोटींच्या आसपास सांगितलं जायचं. बंगळुरूच्या तुलनेत किरकोळ, पण शून्य नव्हे. तालमीचा_पोर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे : प्रेम आणि पैसा दोन्ही एकाच गावात सापडले पाहिजेत.

उरलेलं अर्धं जास्त कठीण आहे. विजयानंतर काय झालं? खालिद ईस्ट बंगालला गेला, अल अमनाही. राणे आणि मेहता कोलकात्याच्या आयएसएल संघाकडे, एटीकेकडे. काही महिन्यांत संघ विखुरला. आयझॉल जानेवारी 2018 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहानशी खेळलं, 3-1 हरलं. आणि देशाचा विजेता असून आयएसएलचं दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. बंगळुरू गेलं, कारण त्यांना परवडलं. 2017-18 ला मिनर्व्हा जिंकलं, 2018-19 ला चेन्नई सिटी. तेही लहानच. आज चेन्नई सिटी कुठे आहे?

तेव्हा माझी तक्रार मुंबई एफसीबद्दल कमी आणि लीगबद्दल जास्त आहे. मैदानावर जिंकलेल्याला वर जागा नाही आणि पैसे भरणाऱ्याला आहे, असं असलं की मालकही दोन वर्षांत कंटाळतो. वर जायची वाट उघडली ती थेट 2022-23 च्या हंगामाने, जेव्हा पंजाब आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला. आयझॉलला ती सहा वर्षं आधी मिळाली असती तर?

---

कूपरेज_पूर्वबाजू

तिसरी_घंटा, राग कसला. तुमचं बरचसं पटतं. पण एक गोष्ट सोडू नका. त्याच लीगमध्ये, त्याच नियमांत, मुंबईसारख्या शहरात, सात वर्षं कमी पैशांत संघ टिकवणारा माणूस आपल्याकडे होता. त्याला जाऊ दिलं तेव्हा लीगने नव्हे, आपण जाऊ दिलं. हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलायची वेळ आली. कूपरेजवर बसून ते बघताना मला लीगचा आराखडा आठवत नव्हता. मला टचलाइनवर शांत उभा राहणारा तो बारका माणूस दिसत होता, जो आता दुसऱ्याच डोंगरावर उभा होता.

आणि तो पुढेही थांबला नाही. 2020-21 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला मध्येच हातात घेऊन आयएसएलच्या उपांत्य फेरीत नेलं, असं करणारा पहिला भारतीय प्रशिक्षक. मग जमशेदपूर. मग भारत. 2011-12 च्या सावियो मेदेइरांनंतर राष्ट्रीय संघाच्या मुख्य पदावर बसलेला पहिला भारतीय. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरी जागा.

---

मांडवीकाठ

आणि 2025 च्याच ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि 2027 चा आशियाई कप गेला. मी फातोर्ड्याला होतो. सामना संपल्यावर लोक त्याच्यावर ओरडले. मला ओरडवेना. त्याच मैदानात मी लहानपणी उत्तम संघ पाहिलेत आणि त्यांना मिटतानाही पाहिलंय. एका प्रशिक्षकाने अडीच महिन्यांत काय भरून काढायचं?

एक चांगली बातमी मात्र इथे नोंदवतो. 2024-25 पासून धेंपो आय-लीगमध्ये परत आला. वडील आता मैदानावर जाऊ शकत नाहीत, पण पहिला सामना मी त्यांना फोनवर लावून दिला. निळी जर्सी दिसल्यावर त्यांनी आवाज वाढवायला सांगितला.

---

थेनझॉल_रस्ता

मांडवीकाठ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. अल्बिनोचं नाव आमच्या का पूंच्या तोंडीही होतं. आयझॉलचा क्लब आजही खेळतोय, दरवर्षी नवी पोरं. मी साताऱ्याहून निकाल बघतो आणि का पूंना मेसेज करतो. ते उत्तरात फक्त पुढच्या सामन्याची तारीख पाठवतात.

---

बालेवाडी_स्टँड_सी

मुंबईकर, या रविवारी मी मुंबईत आहे. वांद्र्याला नेव्हिल डिसूझा मैदानावर मुंबईच्या फुटबॉल संघटनेचे सामने असतात ना? नाव तरी योग्य माणसाचं दिलंय, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा आपला मुंबईचा. मुलीला घेऊन येतोय. कुणी असाल तर कळवा.

---

कूपरेज_पूर्वबाजू

मी असेन. भाच्याला आणतो. पिवळी जर्सी घालून येईन म्हणजे ओळखाल.